खायला लागलं म्हणजे पिल्लू द्यायला तयार झालं का?

उन्हाळा जवळ आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात मांजराची तीन-चार पिल्लं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटात खुपसलेलं. खाली मजकूर: 'एक महिन्याची गोंडस पिल्लं. दूध-भात खातात, जागेवर शी-शू करतात. चांगल्या घरी द्यायची आहेत, लवकर कळवा.' मग कोणीतरी विचारतं, 'इतकी लहान नेलेली चालतात का?' आणि उत्तरांची रांग लागते. एक म्हणतो, आमच्याकडे डोळे उघडल्या उघडल्या आणलं होतं, मस्त वाढलं. दुसरी म्हणते, दूध तुटलं की चालतं. तिसऱ्याच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेले असतात. शेवटी ज्याला पिल्लू आवडलं तो येऊन घेऊन जातो आणि चर्चा तिथेच थांबते.

हे मेसेज याच दिवसांत वाढतात, त्याला कारण आहे. दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात, आणि त्यानंतर साधारण ६३ ते ६५ दिवसांत व्यातात.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये आणि जमत असेल तर बारा आठवडे थांबावं. पण 'का' हे कळल्याशिवाय हे आकडे पटत नाहीत. चार आठवड्यांचं पिल्लू ताटलीतलं लपालपा खाताना दिसत असतं, मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की 'तयार झालं का' या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. पोट तयार झालं का, अंगातली रोगाशी लढायची ताकद तयार झाली का, आणि वागणं तयार झालं का? तिघांचं वेळापत्रक वेगवेगळं असतं, आणि आपण बहुतेक वेळा फक्त पोटाकडे बघतो.

आधी वय नीट ओळखा

'दीड महिन्याचं' म्हणून सांगितलेलं पिल्लू पुष्कळदा महिन्याचंसुद्धा नसतं. कोणी तारीख लिहून ठेवलेली नसते, मांजरी माळ्यावर किंवा जिन्याखाली व्यालेली असते आणि पिल्लं दिसतात तेव्हा ती आधीच चालत असतात. त्यामुळे पिल्लाकडे बघूनच अंदाज बांधावा लागतो.

जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, आंधळं आणि बहिरं. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ते लटपटत चालायला लागतं आणि हिरडीतून पुढचे बारीक दात टोचायला लागतात, पाठोपाठ सुळे येतात. दाढा त्यानंतर. म्हणजे पुढचे दात आहेत पण दाढा लागत नाहीत, असं पिल्लू महिन्याच्या आसपासचं समजावं. डोळ्यांचा रंगही उपयोगी पडतो. लहानपणी सगळ्यांचे डोळे निळसर असतात, खरा पिवळा किंवा हिरवा रंग सहा-सात आठवड्यांच्या सुमारास उतरायला लागतो. निळ्या डोळ्यांचं पिल्लू म्हणून कोणी कौतुकाने दाखवत असेल, तर बहुतेक वेळा ते नुसतंच फार लहान असतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. धडधाकट पिल्लू आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढतं. चार आठवड्यांना ४०० ते ५०० ग्रॅम, आठ आठवड्यांना ८०० ते ९०० ग्रॅम. उपाशी किंवा जंताने भरलेलं पिल्लू यापेक्षा हलकं असू शकतं, म्हणून दात आणि वजन दोन्ही बघावं.

पोटाचा प्रश्न: हा सगळ्यात आधी सुटतो

पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शूसुद्धा होत नाही. आई चाटते तेव्हा होते. अंगातली ऊबही त्याला स्वतःची राखता येत नाही, आई आणि भावंडांच्या ढिगाऱ्यात ती मिळते. चौथ्या आठवड्यापासून ते आईच्या ताटलीत तोंड घालतं. घालतं म्हणजे, आधी चारही पायांनी ताटलीत उभं राहतं, मग नाकापर्यंत बुडवतं, शिंकतं आणि शेवटी थोडंसं गिळतं. आपण याला 'खायला लागलं' म्हणतो. खरं तर अजून बरंचसं पोषण आईच्या दुधातूनच येत असतं. ते पुढचे तीन-चार आठवडे हळूहळू कमी होत जातं आणि सातव्या-आठव्या आठवड्याला पिल्लू खऱ्या अर्थाने वरच्या अन्नावर येतं. दुधाचे २६ दातही याच सुमाराला पुरे होतात.

मध्येच आईचं दूध बंद करून वाटीत गाईचं दूध दिलं तर पुष्कळ पिल्लांना जुलाब लागतात. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं खूप कमी, आणि त्यातली साखर पिल्लाला नीट पचत नाही. अर्ध्या किलोच्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब म्हणजे थट्टा नाही. आणि दूध-भात हे मांजराचं पूर्णान्न नव्हेच. मांजर मांसाहारी प्राणी आहे, वाढत्या पिल्लाला पिल्लांसाठीचं खाणं लागतं, किंवा डॉक्टरांना विचारून घरचं उकडलेलं चिकन-मासे, त्यात जे कमी पडतं त्याची भर घालून.

म्हणजे पोटाचं उत्तर आठ आठवडे. परदेशात आणि आपल्याकडे कायद्यांत हाच आकडा दिसतो. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार परवानाधारक विक्रेत्याला आठ आठवड्यांच्या आत मांजराचं पिल्लू विकता येत नाही किंवा आईपासून कायमचं वेगळं करता येत नाही. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. पण कायदा सांगतो ती खालची मर्यादा. तिथे पोचलं की सगळं झालं, असा त्याचा अर्थ लावू नये.

रोगाचा प्रश्न: शिदोरी संपते, चूल पेटलेली नसते

व्याल्यावर पहिल्या दिवशी आईला जे घट्ट दूध येतं, तो चीक. त्यातून पिल्लाला आईच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं मिळतात. प्रतिपिंडं म्हणजे विशिष्ट रोगजंतूला ओळखून निकामी करणारी प्रथिनं. साधारण पहिल्या दिवसानंतर पिल्लाच्या आतड्यातून ती आत जाईनाशी होतात, त्यामुळे जे मिळायचं ते तेवढ्यातच.

ही आईने बांधून दिलेली शिदोरी समजा. ती आहे तोवर पिल्लाचं शरीर स्वतःची चूल पेटवत नाही. लस टोचली तरी आईची प्रतिपिंडं त्या लशीलाच पकडून निष्प्रभ करतात. शिदोरी दर आठवड्याला आटत जाते आणि मध्ये एक वाईट टप्पा येतो, जेव्हा ती रोग अडवण्याइतकी उरलेली नसते पण लस वाया घालवण्याइतकी उरलेली असते. हा टप्पा नेमका कधी येईल हे पिल्लागणिक बदलतं. कोणाचा आठ आठवड्यांना, कोणाचा चौदा-पंधरा आठवड्यांना. म्हणूनच लस एकदा टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी ती द्यायची आणि शेवटचा डोस सोळा आठवडे किंवा त्यानंतर पडेल असं बघायचं. 'एकदा इंजेक्शन झालंय की' असं सांगून दिलेलं पिल्लू पूर्ण सुरक्षित नसतं ते यामुळे. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर.

या टप्प्यात मोठी भीती पॅनल्यूकोपेनियाची. उलट्या, जुलाब, ताप, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. याचा विषाणू इतका चिवट की घरात, जमिनीवर, चपलेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतो. ज्या घरात आधीचं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं, त्या घरात लस न झालेलं दुसरं पिल्लू 'त्याच्या जागी' म्हणून लगेच आणणं हा मला सगळ्यात कळवळून सांगावासा वाटणारा मुद्दा आहे. आणू नका. डॉक्टरांना विचारून नीट निर्जंतुकीकरण करा, आणि आणायचंच तर लसीकरण पूर्ण झालेलं मोठं मांजर आणा.

आता यात आईजवळ राहण्याचा काय संबंध? घर बदलणं हा पिल्लाला मोठा ताण असतो. ताणात ते खाणं कमी करतं, प्रतिकारशक्ती खाली येते, आणि नव्या घरातले जंतू त्याला नवे असतात. हे सगळं नेमकं त्या वाईट टप्प्यात एकत्र येऊ द्यायचं की निदान दोन डोस होईपर्यंत थांबायचं, एवढाच प्रश्न आहे. दोन डोस म्हटलं की आपण अकरा-बारा आठवड्यांवर येतोच.

वागण्याचा प्रश्न: चावायचं किती, हे कोण शिकवणार?

मांजर घरी आणलेल्यांची एक नेहमीची तक्रार असते: खेळता खेळता कडकडून चावतं, पाय दिसला की झडप घालतं. विचारलं तर पुष्कळदा कळतं, की पाच आठवड्यांचं, एकटंच आणलेलं होतं.

दोन पिल्लं लोळताना बघा. एकाने दुसऱ्याचा कान दातात धरला. हळू धरला तर खेळ चालू राहतो. जरा जोरात दाबला की दुसरं किंचाळतं, अंग सोडवून घेतं आणि लांब जाऊन बसतं. पहिल्याला कळत नाही काय झालं, ते पुन्हा जातं, पुन्हा चावतं, पुन्हा एकटं पडतं. आईची शेपूट चावली तर ती पंजाखाली दाबून धरते किंवा मागच्या पायाने एक ठेवून देते. दिवसातून कितीतरी वेळा हे चालतं. भावंडांची अशी मस्ती साधारण चौथ्या आठवड्यात सुरू होते आणि पुढचे दोन महिने तिला ऊत येतो. म्हणजे पाचव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाची शाळा भरायच्या आत सुटली. ते आपल्या हातावर शिकायला जातं, आणि आपण सहा आठवड्यांच्या पिल्लाचं चावणं गोड म्हणून चालवून घेतो. तेच मांजर साडेतीन किलोचं झाल्यावर गोड वाटत नाही.

चावण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे बघून शिकणं. आई काय खाते, मातीत कुठे जाते, कुकरची शिट्टी वाजल्यावर पळते की डोळे मिटून पडून राहते, हे पिल्लं बघत असतात. १९६९ मध्ये फिलिस चेस्लर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कळ दाबली की खाणं मिळतं, ही युक्ती पिल्लांना शिकायची होती. आपल्या आईला ते करताना पाहिलेली पिल्लं अनोळखी मांजरीला पाहिलेल्यांपेक्षा लवकर शिकली. कोणालाच न पाहिलेली पिल्लं शिकलीच नाहीत.

आणि मोठा पुरावा फिनलंडचा. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ५,७२६ मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेऊन तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. चौदा आठवड्यांनंतर वेगळ्या केलेल्यांत तो कमी होताच, शिवाय लोकर चोखणं किंवा अंग सतत चाटत राहणं यांसारख्या नादी सवयीही कमी होत्या. फिनलंडमध्ये बारा आठवड्यांची शिफारस आधीपासून होती, संशोधकांनी ती चौदापर्यंत न्यावी असं सुचवलं. ही मालकांनी भरलेली प्रश्नावली आहे, प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, त्यामुळे लवकर तोडल्यामुळेच सगळं झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण इतक्या मांजरांत कल एकाच दिशेला दिसतो, तेव्हा तो झटकून टाकण्यासारखाही नाही.

'पण मोठं झालं की माणसाळत नाही ना?'

हा आक्षेप खरा आहे, आणि घाईने पिल्लू नेणाऱ्यांचं सगळ्यात जोरदार कारणही हेच असतं. त्यातलं अर्धं बरोबर आहे. पिल्लाला 'माणूस म्हणजे धोका नाही' हे शिकायला एक ठरावीक काळ असतो, त्याला सामाजिकीकरणाचा काळ म्हणतात. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की तो साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असतो. या काळात रोज हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ आपणहून येतात, आणि जास्त वेळ हाताळलेली जास्त येतात.

पण नीट बघितलं तर यातून पिल्लू लवकर न्यावं असं निघत नाही. सातव्या आठवड्याच्या आत माणसांची सवय व्हायला हवी, म्हणजेच ती आईच्या घरीच व्हायला हवी. जबाबदारी नेणाऱ्यावर नाही, देणाऱ्यावर येते. दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ पिल्लं मांडीवर घ्या. घरातल्या सगळ्यांनी घ्या, एकाच माणसाने नको. शेजारची मुलं येऊन बसू देत, मिक्सर लागू दे, दाराची बेल वाजू दे. अशी तयार झालेली बारा आठवड्यांची पिल्लं नव्या घरात दोन-चार दिवसांत रुळतात. पलंगाखाली महिनाभर दडून बसणारं पिल्लू उशिरा आणलेलं असतं असं नाही, ते बहुधा कोणी हातच न लावलेलं असतं.

थोडा वाटा बापाचाही असतो, हे वाचून मला गंमत वाटली होती. बोका पिल्लांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, तरी धीट बोक्याची पिल्लं जास्त धीट निघतात असं सँड्रा मॅकून यांच्या अभ्यासात दिसलं होतं.

'हात लावला की आई पिल्लांना घेत नाही' ही भीतीही सोडून द्या. माणसाच्या वासाने मांजरी पिल्लं टाकत नाही. फार धसमुसळेपणा केला, माणसांची जत्रा लोटली, तर मात्र ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. सात घरं फिरवते म्हणतात ते यातूनच आलं असावं.

'आईच त्यांना फिस्कारते, त्याचं काय?'

पाच-सहा आठवड्यांनंतर आई पिल्लांना दुधाला लागू देईनाशी होते. पोट जमिनीला चिकटवून बसते, कपाटावर जाऊन झोपते, जवळ आलं की फिस्कारते. आपल्याला वाटतं, कंटाळली, आता देऊन टाकावीत. पण ती दूध तोडत असते, नातं नव्हे. त्याच दुपारी ती पिल्लांना चाटताना आणि त्यांच्याबरोबर शेपटीचा खेळ खेळताना दिसेल. तिला दम खाता यावा म्हणून पिल्लांना चढता येणार नाही अशी एक उंच जागा द्या, बस.

वन बीएचकेमध्ये बारा आठवडे?

चार पिल्लं, पडदे फाटलेले, घरमालकाची कुरकुर. मान्य. बारा आठवडे झेपत नसतील तर आठ नक्की करा, आणि आठला द्यायची झाली तर शक्यतो दोन भावंडं एकत्र द्या, म्हणजे चावण्याची शाळा नव्या घरी चालू राहते. नेणाऱ्याच्या घरी शांत स्वभावाचं, लस झालेलं मोठं मांजर असेल तरी बरंच भागतं. आणि घरं आधीच ठरवून ठेवता येतात. सहाव्या आठवड्यात येऊन पिल्लू पसंत करा, दर रविवारी येऊन खेळा, बाराव्याला न्या. ज्याला एवढा धीर नाही, तो माणूस पुढे किती धीराने सांभाळेल याचाही अंदाज देणाऱ्याला येतो.

एवढं असूनही नियम मोडावा लागतो, तो रस्त्यावरच्या पिल्लांसाठी. गटाराजवळ एकटं ओरडणारं पिल्लू दिसलं की आधी लांब उभं राहून वाट बघा. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते आणि आपण जवळ असलो तर ती येत नाही. पिल्लू भिजलेलं, गारठलेलं, जखमी असेल किंवा कुत्री मागे असतील, तर मात्र वयाचा हिशोब न करता उचला. तीन-चार तास होऊनही आई आली नाही तरी उचला. पहिल्यांदा ऊब द्या, गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काही घालू नका, ते पचत नाही. दूध पाजायचं ते पिल्लांसाठीचं तयार दूध, पोटावर ठेवून, मान सरळ. उताणं धरून बोळ्याने पाजलं की दूध फुप्फुसात जातं, आणि वाचवायला आणलेलं पिल्लू न्यूमोनियाने जातं. असं एकटं वाढणारं पिल्लू शक्य तितक्या लवकर त्याच वयाच्या दुसऱ्या पिल्लाच्या संगतीत ठेवायला बघा.

देण्याचा दिवस

सगळी पिल्लं एकाच दिवशी देऊ नका. आईला अजून दूध असेल तर ते तुंबून सडांना सूज येते. दोन-चार दिवसांच्या अंतराने एकेक द्या. शेवटचं गेल्यावर ती एक-दोन दिवस घरभर हाका मारत फिरेल, मग थांबेल.

पिल्लाबरोबर आईच्या अंथरुणाचा एक तुकडा आणि ते खात होतं तेच खाणं आठवडाभर पुरेल एवढं द्या. जंताचं औषध कधी दिलं, लस कधी झाली, हे कागदावर लिहून द्या. गोल जंत आईच्या दुधातूनही येतात, त्यामुळे घरातच वाढलेल्या पिल्लालाही जंताचं औषध चुकत नाही. नव्या घरात पहिले दोन-तीन दिवस एकच खोली, त्यात मातीचं घमेलं, पाणी आणि लपायला एक खोकं पुरे.

आणि आईला डॉक्टरांकडे न्या. मांजरी अंगावर पाजत असतानाही पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, त्यामुळे या दिवसांत तिला बाहेर सोडू नका आणि दूध आटलं की, साधारण दोन आठवड्यांनी, नसबंदी करून घ्या. नेलेल्या पिल्लाचीही वेळ फार लांब नसते. मादी पिल्लू चार महिन्यांचं असतानाही गाभण राहू शकतं. दोन भावंडं एकत्र नेली असतील तर त्यांच्या ऑपरेशनची तारीख लसीच्या शेवटच्या डोसालाच विचारून ठेवा, भाऊ-बहीण असणं मांजरांना आडवं येत नाही.